गुरुदीक्षेनंतर काही वर्षांनी आनंद ओसरतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅथलिक धर्मगुरू म्हणून गुरुदीक्षा घेतली त्याला पाच वर्षं झाली. सहायक धर्मगुरू म्हणून काम व्यवस्थित चाललंय, लोकांची तक्रार नाही. पण मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) यंत्रासारखी होते, प्रार्थनेला बसलं की मन लागत नाही, आणि रात्री अंथरुणावर पडलं की एकच विचार छळतो: माझं पाचारण, म्हणजे या जीवनासाठी आलेली देवाची हाक, खरं होतं का? आनंद आणि शांती परत मिळवायला नेमकं काय करावं?

फादर, तुमच्या प्रश्नात तीन गोष्टींचा गुंता झाला आहे. अंगातला उत्साह गेलाय, ही एक. प्रार्थना कोरडी पडलीय, ही दुसरी. आणि मूळ निर्णयाबद्दल शंका आलीय, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही तिसरीचा पुरावा म्हणून धरल्या आहेत, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. थकलेला माणूस प्रार्थनेत कोरडा होतो, कोरडेपणातून शंका येते, शंकेने झोप उडते आणि थकवा आणखी वाढतो. धर्मगुरूंना मार्गदर्शन करताना सुरुवातीच्या भेटी बहुधा हा गुंता सोडवण्यातच जातात.

बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही धर्मप्रांताचे, म्हणजे थेट बिशपांच्या हाताखालचे, आहात की एखाद्या संन्यासी संस्थेचे, प्रमुख धर्मगुरूंशी तुमचं कसं जमतं, एकटे राहता की दोघं-तिघं मिळून, घरी आजारपण किंवा कर्ज आहे का, यातलं मला काही माहीत नाही. खाली लिहिलेलं आपल्या माणसाला, म्हणजे तुमच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाला, दाखवून मगच अमलात आणा.

सुरुवात शरीरापासून करू. पंधरा दिवस रोज रात्री वहीत तीनच नोंदी करा: काल किती तास झोप झाली, आज कुठल्या वेळी जीव रमला, कुठल्या वेळी कोमेजला. कारणं लिहू नका, फक्त वेळ आणि प्रसंग लिहा. पंधरा दिवसांनी सगळं एका बैठकीत वाचा. ‘मला कशातच आनंद वाटत नाही’ असं म्हणणाऱ्या धर्मगुरूच्या वहीत बहुतेक वेळा काही जागा पुन्हा पुन्हा येतात. एखाद्या आजाऱ्याची खोली, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या (मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या) तयारीचा मुलांचा वर्ग, अंत्यविधीनंतर त्या घरात गेलेली अर्धी घटका. कोमेजण्याच्या जागाही ठरलेल्या निघतात: रात्री उशिरापर्यंतचा फोन, बांधकामाची बैठक, रविवारची तिसरी मिस्सा संपल्यानंतरची दुपार. त्या रविवारबद्दल एक सांगतो. कॅनन कायद्याप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, धर्मगुरूने सामान्यतः दिवसाला एकच मिस्सा करायची असते. धर्मगुरू कमी पडत असतील तर बिशप दोन मिस्सांची, आणि रविवारी किंवा सक्तीच्या सणाला गरज असेल तर तीन मिस्सांची परवानगी देऊ शकतात. तिसरी मिस्सा ही गरजेपोटी दिलेली मुभा आहे. ती वर्षानुवर्षं नेहमीची झाली असेल, तर सोमवारी वाटणाऱ्या रितेपणाचं कारण पाचारणात शोधू नका.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण कुचकामी आहोत असं सतत वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर आजच जा, आणि जाण्याआधी एका माणसाला सांगा. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. प्रार्थना वाढवून तो बरा होईल असं मानणारे धर्मगुरू महिनोन्‌महिने उगाच झिजतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायलाही हरकत नाही, कारण त्यांच्या बिघाडानेही असाच थकवा येतो. आजार आणि आध्यात्मिक शुष्कता एकाच वेळी असू शकतात. तेव्हा दोन्हीकडे लक्ष द्यावं लागतं, पण आजाराकडे आधी.

आता कोरडेपणाबद्दल. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी देवाकडून येणारी शुष्कता आणि स्वतःचा ढिलेपणा वेगळे ओळखण्याच्या खुणा सांगितल्या आहेत. त्यांतली एक तुमच्या पत्रात ठळक दिसते. ढिल्या माणसाला देवाची सेवा नीट होत नाही याची फिकीर नसते. ज्याला ही चिंता टोचत राहते, आपण मागे पडतोय म्हणून ज्याचा जीव खालीवर होतो, त्याचं मन देवापासून फिरलेलं नसतं. तुम्ही हा प्रश्न विचारलात, तोही इतक्या तळमळीने, यातच बरंच काही आलं.

पण सगळा कोरडेपणा असा उदात्त नसतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंमध्ये राहिलेल्या इव्हाग्रियस यांनी भर दुपारी येणाऱ्या एका मोहाचं वर्णन केलं आहे. साधूला वाटतं, सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा झालाय. तो सारखा खिडकीकडे बघतो, खोलीबाहेर येऊन सूर्य कुठवर आला ते पाहतो, कोणी भेटायला येतंय का याची वाट बघतो. मग त्याला ती जागाच नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं, बांधवांमध्ये प्रेम उरलेलं नाही असं वाटू लागतं, आणि देवाची भक्ती काय, कुठेही करता येते, दुसरीकडे गेलेलं बरं, असा विचार येतो. आज या मोहात सूर्याच्या जागी फोन असतो आणि दुसऱ्या जागेच्या ओढीचं नाव असतं बदली. त्या साधूंचा उपाय साधा होता: जागा सोडायची नाही, हातातलं छोटं काम पुरं करायचं, ठरलेल्या वेळी ठरलेली प्रार्थना करायची. दुपारी दोन ते पाच तुम्ही काय करता, ते वहीत स्वतंत्रपणे लिहा. सहायक धर्मगुरूचा दिवस सकाळी आणि संध्याकाळी गच्च भरलेला आणि मधे मोकळा असतो, आणि घसरण बहुधा या मधल्या वेळात होते.

प्रार्थनेबाबत माझा सल्ला कडक आहे, कारण इथे सूट दिली की सगळंच सैल होतं. सकाळी फोन हातात घेण्याआधी अर्धा तास मूक प्रार्थना. शुष्कतेत हा वेळ कमी करू नका. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा सल्ला आहे की कोरडेपणा असेल तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा किंचित जास्तच बसावं. मन लवकर उठवू पाहत असतं, आणि एकदा त्याचं ऐकलं की दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर उठवतं. म्हणून तीस मिनिटं ठरली असतील तर बत्तीस बसा. त्या वेळात प्रवचनाची तयारी करू नका. ही चूक फार होते. त्या दिवशीचं शुभवर्तमान (बायबलमधला येशूविषयीचा भाग) आपण लोकांना काय सांगायचं म्हणून वाचतो, आणि मग ते आपल्याशी बोलायचं थांबतं. प्रवचनाचं वाचन आदल्या रात्री उरका. सकाळी तेच वचन स्वतःसाठी वाचा, आणि मनाला लागलेल्या एका ओळीवर थांबा.

ब्रेव्हिअरीचं, म्हणजे दिवसभरात ठरलेल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांचं, काय होतं तेही माहीत आहे. सकाळची प्रार्थना राहते, दुपारची विसरते, आणि रात्री अकराला डोळे मिटत असताना सगळी स्तोत्रं एकापाठोपाठ संपवली जातात. यातून कर्तव्य पार पडतं, पण दिवसाला ओळ लागत नाही. सकाळ आणि संध्याकाळची प्रार्थना हे दिवसाचे दोन मुख्य खांब आहेत. ते आधी जागेवर आणा. सकाळची मिस्सेआधी चर्चमध्येच बसून करा, संध्याकाळची दिवे लागण्याच्या सुमारास. शक्य असेल तर प्रमुख धर्मगुरूंबरोबर करा. त्यांच्याशी पटत नसेल तर मुद्दाम त्यांच्याबरोबर करा. एकाच स्तोत्राच्या ओळी आळीपाळीने म्हणणारी दोन माणसं एकमेकांशी फार काळ अबोला धरू शकत नाहीत.

मिस्सा यंत्रवत होण्याची सुरुवात सॅक्रिस्टीत (चर्चमधल्या तयारीच्या खोलीत) होते. माइक लागतो का, वाचक आला का, सूचनांचा कागद कुठाय, ज्या मयतासाठी मिस्सा अर्पण करायची त्याचं नाव कोणीतरी ऐन वेळी आणून देतं, आणि त्या घाईतच आपण वेदीपाशी पोचतो. वीस मिनिटं आधी या. पहिल्या दहा मिनिटांत सगळी व्यवस्था उरका आणि उरलेली दहा मिनिटं गप्प राहा. सेवेकऱ्यांनाही ती सवय लावा. ते चार दिवसांत शिकतात. मिस्सेत तीन ठिकाणी वेग पकडला जातो. पहिली जागा, ‘आपण प्रार्थना करू या’ म्हटल्यानंतरची. तिथे खरोखर थांबायचं असतं. ती शांतता उपासनेच्या नियमातच आहे, आणि आपण ती एका श्वासात गिळून टाकतो. दुसरी जागा युखरिस्तिक प्रार्थनेची, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस अर्पण करताना म्हणायच्या मुख्य प्रार्थनेची. तोंडपाठ असली तरी पुस्तकात बघून म्हणा, म्हणजे वेग आपोआप कमी होतो. तिसरी ख्रिस्तप्रसादानंतरची. बसा, आणि दोन मिनिटं उठू नका. याशिवाय रोज एका माणसाचं नाव मनात घेऊन वेदीपाशी जा: काल दवाखान्यात भेटलेली बाई, कन्फेशनला (पापकबुलीला) न येणारा तो मुलगा. असं केल्याने भावना उचंबळून येतील असं नाही. पण आपण कोणासाठी उभे आहोत हे हाताला आणि जिभेला कळत राहतं, आणि यंत्रवतपणावर माझ्या अनुभवात याहून चांगला उपाय नाही.

आता आनंदाच्या मुळाकडे येतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात पाठवलेले शिष्य आनंदाने परत येतात, भुतंसुद्धा आम्हाला वश होतात म्हणून सांगतात. येशू त्यांचा आनंद नाकारत नाही, पण त्याची जागा बदलतो: याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. मला वाटतं, धर्मगुरूच्या आयुष्यातला अर्धाअधिक विषाद या एका वचनाने उलगडतो. पहिली काही वर्षं लोक कौतुक करतात, तरुण मंडळ उभं राहतं, प्रवचन आवडलं म्हणून फोन येतात. त्याला आपण पाचारणाचा आनंद समजतो. पाचव्या-सहाव्या वर्षी तेच लोक सवयीचे होतात, नव्या फादरांभोवती गर्दी जमते, आणि आतून काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. जे निसटलं ते यश होतं. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात बारा जणांना निवडताना दोन कारणं दिली आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे: त्यांनी त्याच्याबरोबर असावं, आणि त्याने त्यांना पाठवावं. बरोबर असणं मागे पडून नुसतं पाठवलेलं असणं उरलं, की माणूस उत्तम कार्यकर्ता होतो आणि आतून सुकत जातो.

याला एक व्यावहारिक उपाय आहे. आठवड्यातून एक काम असं करा ज्याचं कुणाला काही दाखवता येणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या, विस्मरण झालेल्या माणसाजवळ पाऊण तास बसा. त्याला तुमचं नाव आठवणार नाही, कोणी फोटो काढणार नाही, अहवालात ते येणार नाही. सुरुवातीला जड जाईल. तिथे हळूहळू जे समाधान मिळायला लागतं ते टिकाऊ असतं, कारण ते कौतुकावर उभं नसतं. आणि जे काम तुमचं नाही ते सोडा. कॅनन कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात (एका चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या परिसरात) अर्थसमिती असलीच पाहिजे. ती कागदावर असेल आणि पावत्या तुम्ही फाडत असाल, तर प्रमुख धर्मगुरूंशी बोलून जाणत्या प्रापंचिकांना ते काम द्या.

विश्रांतीबद्दल फार लिहीत नाही, पण ती चैन नाही. वार्षिक साधना, म्हणजे काही दिवस एकांतात केलेली प्रार्थना, हे धर्मगुरूचं कर्तव्य आहे आणि वार्षिक सुट्टी हा हक्क. कायद्यात प्रमुख धर्मगुरूला वर्षाकाठी महिन्याभरापर्यंत सुट्टी धरली आहे, आणि साधनेचे दिवस त्यात मोजले जात नाहीत. म्हणजे साधनेला सुट्टी समजू नका आणि सुट्टीला साधना समजून अपराधी वाटून घेऊ नका. आठवड्याची सुट्टी आदल्या संध्याकाळपासून धरा. नाहीतर सकाळी मिस्सा, दुपारी एखादं लग्नाचं बोलणं, आणि सुट्टी संपते.

एकटेपणाचा विषय मात्र मोठा आहे. ब्रह्मचर्याचं वचन मैत्रीशिवाय निभावत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगतो. दोन-तीन धर्मगुरूंनी महिन्यातून एक दिवस एकत्र यावं. असे गट बहुधा बिशपांच्या आणि बदल्यांच्या चर्चेत बुडतात आणि माणूस गेला त्याहून कडवट होऊन परततो. म्हणून थोडी शिस्त हवी. सहारा वाळवंटात राहिलेले फ्रेंच धर्मगुरू शार्ल द फुको यांच्या वाटेने जाणाऱ्या ‘जेझुस कारितास’ या धर्मगुरूंच्या बंधुतेत आराधना, शुभवर्तमानावर चिंतन, आपल्या आयुष्याचा मोकळा आढावा आणि एकत्र जेवण असा दिवस असतो. तुम्ही हेच साधेपणाने करा: एक तास आराधना, मग प्रत्येकाला पंधरा मिनिटं, बोलणाऱ्याला मधे तोडायचं नाही, न मागता सल्ला द्यायचा नाही, आणि मग जेवण. जेवताना काय बोलायचं ते बोला.

आणि जे कोणालाच सांगावंसं वाटत नाही ते आधी सांगा. इग्नेशियस यांनी हा नियम फार नेमका मांडला आहे: मोह गुपचूप राहू पाहतो, आणि समंजस माणसाला सांगितला की त्याचं बळ जातं. वाचून लगेच पुसून टाकलेले मेसेज, रात्री एका ठरावीक व्यक्तीच्या उत्तराची वाट बघणं, झोपण्याआधीचा पेला, पडद्यावर बघितलेलं काहीबाही. यातलं काही असेल तर त्यावरून पाचारणाचा निकाल लावू नका, आणि लपवूही नका. प्रेमात पडणं म्हणजे पाचारण खोटं होतं असं नाही. लपवण्यात जी ताकद खर्च होते, तीच प्रार्थनेत कमी पडते. कन्फेशन पंधरा दिवसांनी, फार तर महिन्याने. मार्गदर्शकाची भेट महिन्यातून एकदा, आणि तारीख परतताना ठरवूनच निघा. ज्यांच्या हातात तुमची नेमणूक आहे त्यांना मार्गदर्शक म्हणून निवडू नका. तिथे जीभ मोकळी होत नाही.

आता शंका. मनातल्या हालचाली पारखण्याच्या इग्नेशियस यांच्या नियमांतला पाचवा नियम इथे अक्षरशः पाळा: उदासीच्या काळात कोणताही बदल करायचा नाही, मन शांत असताना जे ठरवलं होतं त्यावर टिकून राहायचं. अशी पारख करायला ते कसे शिकले ते पाहण्यासारखं आहे. १५२१ मध्ये पॅम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, आणि लोयोलाच्या घरी ते महिनोन्‌महिने पडून होते. शौर्याची आणि एका मोठ्या घराण्यातल्या स्त्रीची स्वप्नं रंगवताना त्यांना मजा यायची, पण नंतर मन रितं व्हायचं. संतांच्या वाटेने जाण्याचे विचार करतानाही आनंद व्हायचा, आणि तो विचार संपल्यावरही टिकायचा. शांतीची पारख अशी मागे काय उरतं त्यावरून होते. रात्री अकराला, थकून, पडल्या पडल्या आलेली शंका हा पुरावा नव्हे. साधनेच्या चौथ्या दिवशी, झोप पुरी झालेली असताना, मन स्वच्छ असताना काय येतं ते लिहून ठेवा. आणि शांती म्हणजे दुखणं नसणं असं मानू नका. पुनरुत्थित येशू ‘तुम्हांस शांती असो’ म्हणतो आणि लगेच हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवतो. फ्रान्समधल्या आर्स गावचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी यांना एकांताची इतकी ओढ होती की त्यांनी एकाहून जास्त वेळा धर्मग्राम सोडून जाण्याचा प्रयत्न केला. १८१८ मध्ये ते तिथे आले आणि १८५९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. अशी ओढ असलेला माणूस आज प्रमुख धर्मगुरूंचा आश्रयदाता संत आहे.

तुमची दीक्षा झालेली आहे, म्हणून तुमच्यासाठी प्रश्नाचं रूपही बदलतं. चर्चच्या शिकवणुकीप्रमाणे वैध दीक्षा कधी रद्द होत नाही. ‘माझं पाचारण होतं का’ हे पुन्हा पुन्हा उकरण्यापेक्षा ‘हे आज कसं जगू’ असं विचारा. त्याला उत्तर मिळतं. अपवाद आहेत. कोणाच्या दबावाखाली दीक्षा घेतली असेल, आईला दिलेला शब्द किंवा घराची अब्रू म्हणून, तर ते मार्गदर्शकासमोर स्पष्ट बोला. स्वतःच्या हाताने लिहून सही केलेलं, ‘मी स्वेच्छेने ही दीक्षा घेत आहे’ असं निवेदन कायदा उमेदवाराकडून मागतो, ते याचसाठी. वर्षभर नीट झोप, प्रार्थना आणि मार्गदर्शन होऊनही शांत मनात तीच शंका उभी राहत असेल, तर बिशपांना भेटा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वरिष्ठांकडून छळ किंवा शोषण होत असेल तर तो प्रार्थनेचा प्रश्नच नाही. ते सांगायलाच हवं, आणि लगेच.

सेमिनरीत (धर्मगुरूंच्या प्रशिक्षणगृहात) असलेल्या कोणी हे वाचलं तर त्याच्यासाठी वेगळं सांगतो. तुमची वर्षं पारख करण्यासाठीच दिलेली आहेत, आणि शांत मनाने बाहेर पडणं हेही पारखीचं खरं फळ असू शकतं. मार्गदर्शकाशी मोकळं बोला. तुम्हाला दीक्षेसाठी पुढे घ्यायचं की नाही हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचं किंवा कन्फेशन ऐकणाऱ्याचं मत विचारायला कायद्यानेच मनाई आहे.

तर फादर, या पंधरवड्यात एवढंच करा: रात्रीची वही, सकाळची बत्तीस मिनिटं, मिस्सेआधीची दहा मिनिटं शांतता, आणि आजाऱ्याची एक भेट, कुणाला न दाखवता येणारी. बाकीचं सगळं नंतर. बदलीचा अर्ज, बिशपांना पत्र, कुठलाही मोठा निर्णय तोवर नको. पंधरा दिवसांनी वही घेऊन मार्गदर्शकाकडे जा. मार्गदर्शक नसेल तर तुमच्या भागातल्या एखाद्या वडीलधाऱ्या, कमी बोलणाऱ्या धर्मगुरूंना फोन करा. ‘मला तासभर हवाय, मी बोलेन, तुम्ही ऐका,’ एवढं म्हटलं तरी ते समजतील. भेटीत आधी वही वाचून दाखवा, शंकेचं शेवटी बोला.